एकोणीस इंच, दोन सूत

९ एप्रिल, गुढीपाडवा

ही डायरी खताच्या कंपनीने फुकट वाटलेली. मोहिनीने आज माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "नाना, रोज चार ओळी लिहा. आईचं डोकं खाण्यापेक्षा बरं."

मी कोणाचं डोकं खातो? रिटायर होऊन आज नऊ दिवस झाले. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून शर्ट, चप्पल, सगळं चढवलं आणि दारात आठवलं की आता जायचं कुठे. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले. त्यावरून लताबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, मला बाहेर काढलं ते अजून आत घेतलेलं नाही.

एकतीस वर्षं यावलच्या केळी सोसायटीचे चार पिकवणीचे चेंबर सांभाळले. दर दोन तासांनी आतला गारवा बघायचा आणि रजिस्टरमध्ये मांडायचा. दाराला नाक लावून सांगायचो की दोन नंबरला पंखा अडलाय. लोक हसायचे, पण पंखा अडलेलाच असायचा. आता ते काम मशीन करणार आहे. आणि मशीन कोण आणतंय? आमचीच कन्या! घरचा भेदी म्हणतात तो हाच.

१२ एप्रिल, शुक्रवार

मोहिनीचं सामान टेम्पोने आलं. बाई चार वर्षं पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होती, फेब्रुवारीत घरी आली आणि सोसायटीचे चेअरमन भाईदास आबांना जाऊन म्हणाली, "तुमच्या चारही चेंबरचं तापमान तुम्हाला फोनवर दाखवते." आबा म्हणाले, "मे महिना पार पाडून दाखव. एकदा बंद पडलं तर माफ. दुसऱ्यांदा पडलं तर आम्ही बाहेरची कंपनी बघू." तिकडे पुण्याच्या कंपनीलाही ती येते की नाही ते एक जूनपर्यंत कळवायचंय. थोडक्यात, मे महिना नीट गेला तर पोरगी यावलला, नाहीतर पुण्याला.

माझं म्हणाल तर तिने खुशाल पुण्याला जावं. शिकलेल्या पोरीने इथे काय केळीची पानं मोजायची? मी सगळ्यांना हेच सांगतो.

सामानात काळे चपटे डबे आहेत. एक सर्व्हर, एक स्विच, आणखी दोन काहीतरी, शिवाय बॅटरीचं धूड. सोसायटीच्या ऑफिसात जागा नाही म्हणून हे सगळं आमच्या मागच्या खोलीत राहणार. एक लांबलचक जड खोकंही होतं. मी म्हटलं हे काय? मोहिनी पटकन म्हणाली, "ते आपलं नाही. सुनंदाअक्कांनी कपड्यांचं कपाट मागवलंय." सुनंदाअक्का म्हणजे आमच्या शेजारच्या. मग एक टोक मी धरलं, एक टेम्पोवाल्याने, आणि त्यांच्या मागच्या खोलीत नेऊन टाकलं. जन्मभर लुगडी ट्रंकेत ठेवली आणि आता पासष्टीला कपाट! हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नाही.

१३ एप्रिल

जेवताना मोहिनी म्हणाली, "नाना, हे डबे ठेवायला रॅक लागतो. लोखंडी इकडे वेळेत मिळत नाही. तुम्ही लाकडाचा कराल का?"

मी म्हटलं, बघतो. भाव खाल्ला थोडा. मग उठलो तो थेट मागे, मोडलेल्या गोठ्याच्या सागवानी बल्ल्या बघायला. लताबाई ओरडतात, "अहो, हात तरी धुवा!"

१६ एप्रिल

अभिमनला गाठलं. हा शिरपूरकडचा सुतार, वीस वर्षांपासून यावलात आहे, पण बोलणं अजून तिकडचंच. बल्ल्या ठोकून बघितल्या आणि म्हणाला, "लीलाधरभाऊ, लाकूड झकास शे. पन माप कोन देई?"

"माप मी देणार," मी म्हटलं.

"मंग बठ्ठं बराबर व्हई जाई," म्हणजे सगळं बरोबर होईल, असं म्हणून हसला. का हसला ते कळलं नाही.

मोहिनीला रुंदी विचारली. ती फोनवर होती, म्हणाली, "एकोणीस इंच, नाना." झालं. मी एकोणीस इंच आणि वर दोन सूत, म्हणजे पाव इंच, सैल धरले, म्हणजे डबा घासणार नाही. लाकूडकामात दोन सूत सैल ठेवायची अक्कल लागते.

२१ एप्रिल, रविवार

सांगाडा उभा राहिला. चार खांब, उंची चार फूट, सांध्याला कुसू, एक खिळा नाही. बघणाऱ्याने बघतच राहावं. मोहिनीने पहिला डबा आत सरकवला, तर तो धाडकन खाली! मी झेलला म्हणून वाचला. अंगठ्याचं नख काळं पडलंय.

भानगड अशी की एकोणीस इंच हे डब्याच्या दोन्ही कानांसकट. ते कान खांबांवर टेकायचे आणि स्क्रूने आवळायचे. मधली जागा हवी पावणेअठरा. मी सबंध डबाच गिळेल एवढं तोंड ठेवलं. मी मोहिनीवर ओरडलो, आधी सांगायचं नाही का? ती म्हणाली, "तुम्ही विचारलं कुठे, रुंदी कुठून कुठपर्यंत?" अभिमन तिकडे तोंड फिरवून हसत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं लताबाई पुटपुटल्या. मला ऐकू आलं.

जरा वेळ रागावून बसलो. मग अभिमनने हिशेब केला, दोन्ही बाजूंना सहा-सहा सुतांच्या पट्ट्या मारल्या की पावणेअठरा बरोबर. एवढं सोपं होतं तर आधी बोलायचं!

२७ एप्रिल, शनिवार

कपाट पुरं झालं. दार बसवलं. आता लिहितो ते जरा अभिमानानेच लिहितो. आमच्याकडे वैशाखात धुळीची वावटळ उठली की बंद पेटीतलं लुगडंही मळतं. शिवाय उंदीर, पाली, मुंग्या. या सगळ्यांचा मी बंदोबस्त केलाय. चेंबरच्या जुन्या दाराचं रबर भंगारात पडलं होतं ते आणलं आणि दाराच्या चारी कडांना बसवलं. वायर आत जायच्या भोकात मेण भरलं. दार लावलं की "फस्स" असा आवाज येतो. बाहेरचा वारा आत जायची टाप नाही. चेंबरमध्ये आमचा पहिला धडा हाच, दार फटीचं तर माल मातीचा.

अभिमनने चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "भाऊ, हाई कपाट शे का धान्यनी कोठी?"

मी म्हटलं, तू पट्ट्या मार.

मोहिनी बराच वेळ दाराशी उभी होती. म्हणाली, "नाना, हवेचं काय?" मी म्हटलं, "हवेचं मला नको शिकवूस. एकतीस वर्षं हवाच सांभाळली."

सुनंदाअक्कांना म्हटलं, हात मोकळा झालाय, तुमचं कपाटही जोडून देतो. तर बाई दचकल्याच. "नको नको! अजून मुहूर्त नाही!" कपाटाला मुहूर्त! पुढे काय, झाडूला बारसं?

१ मे, बुधवार

सुरू झालं! आबा स्वतः आले, फोनवर चारही चेंबरचे आकडे बघितले. मी शेजारी उभा. तीन नंबरला सतरा दिसत होतं. मी म्हटलं, दुपारी तीनला तीन नंबर जरा चढतो, पश्चिमेची भिंत आहे. आबांनी तीनला परत बघितलं तर साडेसतरा! आबा म्हणाले, "मशीन लीलाधरसारखंच बोलायला लागलं." मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

६ मे

बाहेर चव्वेचाळीस. कपाट मस्त. आत काळ्या डब्यांचे हिरवे दिवे लुकलुकतात, पण दार बंद असल्याने दिसत नाहीत. मी दिवसातून दहादा उघडून बघायचो. मोहिनी म्हणाली, बघा, उघडत राहा, तेवढंच बरं. मी उलट ठरवलं की आता उघडायचं नाही. सगळ्यांना ताकीद दिली, कपाटाला कोणी हात लावायचा नाही, आत काही ठेवायचं नाही. लताबाईंनी "हो हो" म्हटलं, फार लवकर म्हटलं.

८ मे, बुधवार

बंद पडलं.

दुपारी अडीचला. आबांचा फोन, आकडे दिसत नाहीत. मोहिनी पळत मागच्या खोलीत गेली, दार उघडून दहा मिनिटं बसली, पंख्याने वारा घातला, तेव्हा सुरू झालं. म्हणजे माफीचं एक संपलं. अजून तेवीस दिवस जायचे आहेत.

मी बाहेर ओट्यावर होतो. आत मायलेकींची कुजबुज ऐकू आली. लताबाई म्हणत होत्या, "आण ना ते आता. कायले जीव टांगणीला लावते?" आणि मोहिनी म्हणाली, "नाही आई. नाना करतील." मी आत गेलो तर लताबाई घाईने बाहेर निघाल्या. काय आणायचं म्हणत होत्या कोण जाणे. बहुतेक जळगावहून मेकॅनिक.

मोहिनी मला म्हणाली, "नाना, आत तापतंय." मी म्हटलं, लाकूड तापत नाही, तुझा डबाच खराब असेल. फार आवाज चढवला. तिने फक्त दार उघडं ठेवलं आणि समोर टेबलफॅन लावला. वावटळ आली तर सगळी माती आत.

जेवण गेलं नाही. खरं लिहितो, इथे लिहायला कोणाची भीती? मला ती पुण्याला जायला नको आहे. फेब्रुवारीपासून संध्याकाळी ती अंगणात फोनवर बोलत फेऱ्या मारते, तो आवाज घरात असतो. तो गेला तर मी आणि मसाल्याचे डबे. आणि माझ्याच कपाटाने तिला घालवलं तर मी तोंड कुठे लपवू?

९ मे, गुरुवार

आज जे घडलं ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळी लताबाई मागच्या खोलीतून पदराखाली काहीतरी लपवून निघाल्या. कालपासून घरात आंब्याचा वास येत होता. मला वाटत होतं सुनंदाअक्कांकडून येतो. मी म्हटलं, "पदराखाली काय आहे?"

"काही नाही."

"काही नाहीला वास येतो का?"

मग ओशाळून दाखवलं. आंबे! उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बहीण येणार, आमरस हवा, आणि आंबे हिरवेच. म्हणून या बाईने सोमवारी कपाटाच्या तळाच्या खणात, बॅटरीच्या मागे, फडक्यात गुंडाळून दोन डझन आंबे ठेवले. मी ताकीद दिल्यावर तासाभरात! "तुमच्या कपाटात ऊब चांगली शे म्हटलं, सुनंदाअक्का म्हने तसं," म्हणाल्या. अभिमनची भाषाही उचलली वर.

मी तोंड उघडलं ओरडायला आणि तसाच राहिलो. आंबा हातात घेतला. अढीत आठ दिवस लागतात त्याला, हा तिसऱ्या दिवशी पिवळा, देठाशी मऊ, दोन तर पार शिजल्यासारखे. नाकाला लावला. हा वास मी ओळखतो. हा पंखा अडलेल्या चेंबरचा वास आहे. दोन नंबरच्या दाराशी एकतीस वर्षांत चारदा आला आणि चारही वेळा मी धावलो.

मी कपाळावर हात मारला. अरे गाढवा! चेंबरचं दार घट्ट हवं हे खरं, पण आत गारव्याचं मशीन असतं, पंखे असतात. केळं पिकताना स्वतः तापतं, म्हणून तर क्रेटमध्ये चार बोटं जागा सोडतो, भिंतीला क्रेट टेकू देत नाही. हे डबे म्हणजे पिकणारी केळीच. मी दाराचं रबर तेवढं लक्षात ठेवलं आणि पंखा विसरलो. पंखा! जो माणूस पंख्यावर जगला तो!

मोहिनीला हाक मारली, म्हटलं, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. चूक माझी." लताबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं असणार. त्यांनी आंबे खाली ठेवले.

अभिमन शिरपूरला निघाला होता, आखाजीला त्याची लेक माहेरी यायची होती. पिशवी खांद्याला, एसटी स्टँडवर. मी सायकल घेऊन गाठला. म्हणाला, "भाऊ, लेक वाट देखी राहिनी." मी सगळं सांगितलं. पिशवी सायकलला अडकवली त्याने. "पाचनी गाडीले जासू. चला."

मग दुपारभर आम्ही दोघांनी घाम गाळला. दाराच्या खालच्या भागाला गोल भोकं पाडली, त्यांना आतून बारीक जाळी आणि कुलरच्या जुन्या गवताची पातळ चटई, धूळ अडायला. पाणी नाही हं, कोरडीच. मागच्या फळीला वरच्या बाजूला चौकोन कापला आणि चेंबरच्या भंगारातला लहान पंखा उलटा बसवला, हवा बाहेर फेकणारा. गार हवा खालून आत, तापलेली वरून बाहेर. दर दोन डब्यांमध्ये बोटभर जागा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. माझं लाडकं रबर मी स्वतःच्या हाताने काढलं. उपटताना जीवावर आलं.

अभिमन पाच वाजताच्या गाडीत चढला तेव्हा त्याच्या केसांत भुसा होता. लताबाईंनी त्याच्या लेकीसाठी पिकलेले चार आंबे दिले.

१० मे, आखाजी

घागर पुजली, बहीण आली, मांडे झाले, आमरस झाला. सगळ्यांना सांगितलं की रस सर्व्हरवर पिकलेला आहे. बहीण म्हणाली, "दादा, यावर्षी आंबा जरा निराळाच लागतोय." अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलाय, मोहिनी सत्तावीसची व्हायला आली तरी त्यावरून उतरायला तयार नाही. दुपारी तीनला मी आंब्याच्या जागी थर्मामीटर ठेवून बघितलं. खोलीपेक्षा दोन अंश जास्त, बस्स.

१७ मे

चालू आहे. काही लिहिण्यासारखं नाही, हीच लिहिण्यासारखी गोष्ट.

२५ मे, शनिवार

पारा शेहेचाळीस. दुपारी बारा ते चार लाईट नाही, बॅटरीवर सगळं. कावळेसुद्धा चोच उघडी ठेवून बसलेत. मी कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसलो. लताबाई म्हणाल्या, "जेवाले चला, ते काही पळून जात नाही." मी म्हटलं, ताट इकडेच आणा. आणलं, आणि स्वतःचंही आणलं. मोहिनीही आली. मागच्या खोलीत पंगत. तिघंही पंख्याचा आवाज ऐकत जेवलो. तो अडला नाही.

तिला म्हटलं, तुला पुण्याला एसी होता. ती म्हणाली, "होता. पण तिथे कोणी मशीनजवळ बसून जेवत नव्हतं."

३१ मे, शुक्रवार

पार पडलं! रात्री बारापर्यंत थांबायचं कारण नाही म्हणाले आबा, संध्याकाळीच पेढे घेऊन आले. "पोरीला काम पक्कं. लीलाधर, कपाट एकदा बघू दे." दार उघडून भोकं, जाळी, पंखा सगळं बघितलं. "हे तर आपलं चेंबरच केलंस की रे!" मी म्हटलं, मला दुसरं येतंच काय?

मोहिनीने पुण्याला कळवलं, येत नाही. मी अंगणात जाऊन लिंबाला उगीच पाणी घातलं.

१ जून, शनिवार

सुनंदाअक्का मुक्ताईनगरला लेकीकडे गेल्या आहेत. पाण्याची मोटर बंद करायला विसरल्या म्हणून फोन आला, किल्ली आमच्याकडेच असते. मी गेलो. मोटर मागच्या खोलीत. तिथे ते लांब खोकं तसंच पडलेलं, वर कांद्याचं टोपलं. म्हटलं, बाईच्या कपाटाला अजून मुहूर्त लागला नाही. टोपलं सरकवलं. खोक्याचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला. आत काळं लोखंड, आणि त्याला ओळीने चौकोनी भोकं, डब्यांचे कान आवळायला असतात तशी. ती भोकं मला आता झोपेतही ओळखू येतात.

पुसून नाव वाचलं. मोहिनी लीलाधर भंगाळे, यावल. खाली, रॅक, एकोणीस इंच.

मी त्या खोक्यावर बसलो. बराच वेळ बसलो, मोटर बंद करायचीच राहिली, टाकी वाहून अंगणात पाणी आलं तेव्हा भानावर आलो.

म्हणजे पहिल्या दिवसापासून शेजारीच होतं. मी स्वतः एक टोक धरून नेऊन टाकलं! माप चुकलं तेव्हाही होतं. आठ तारखेला बंद पडलं, लताबाई "आण ना" म्हणाल्या, तेव्हा दोन भिंती पलीकडे होतं. तासाभरात जोडून झालं असतं. आणि पोरीने आपला अख्खा महिना, आपलं काम, सगळं माझ्या बिनफटीच्या कपाटात ठेवलं. मी तिच्यावर ओरडत असताना.

आधी राग आला. माझी दया करतात काय! मग राग उतरला, कारण दया करणारा माणूस एवढा जुगार खेळत नाही.

खोकं होतं तसं ठेवलं, कांदेही वर ठेवले.

रात्री जेवताना चेहरा सरळ ठेवून विचारलं, "सुनंदाअक्काच्या कपाटाला मुहूर्त कधीचा आहे?"

लताबाईंना ठसका लागला. मोहिनीने माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे, मग परत माझ्याकडे. "नाना..."

मी म्हटलं, "ते राहू दे. एकच सांग. आठ तारखेनंतर माझं परत बंद पडलं असतं तर?"

"नसतं पडलं."

"पण पडलं असतं तर?"

ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "तुम्ही दाराला नाक लावून आधीच सांगितलं असतं."

मला रडू आलं. लपवलं नाही. लताबाईंनी माझ्या ताटात आमरसाची वाटी पालथी केली, आणि म्हणाल्या की अभिमनचा शिरपूरहून फोन आला होता, तिकडच्या सोसायटीला असंच एक कपाट हवंय, भाऊंना विचारून माप कळवा. मी उठून डायरी आणली आणि आधी लिहून ठेवलं: मधली जागा पावणेअठरा.